लिंबाखालचा मयत

— नाही, तुम्ही आधी बसा. उभ्यानं बोलायला लागलं की आवाज चढतो, आणि आतल्या मुली जेवून आत्ताच कुठं पडल्यात. त्या बाकावर बसा. डावा पाय हलतो त्याचा, जपून. तर तुम्ही म्हणता, चांगुणा तुमची मुलगी आणि तुम्ही तिला न्यायला आलात. ठीक. आता मी सांगते ते नीट ऐकून घ्या, कारण अधीक्षिकाबाई पुण्याला गेल्यात आणि आज या फाटकाच्या आत जे काही सरकार आहे ते मीच आहे. चांगुणा इथं आहे. गेल्या साली दुष्काळात आली, निराधार म्हणून आली. मुलांच्या कोर्टानं तिला अठरा वर्षांची होईपर्यंत या संस्थेच्या हवाली केलंय. आणि तिचा बाप मेलाय. गहिनीनाथ नाव होतं त्याचं, पाथर्डीकडचा माणूस, उसाच्या तोडीला जायचा. बहात्तरच्या भाद्रपदात मेला. कोर्टाला तसं सांगितलंय, कोर्टानं ते मानलंय. मग तुम्ही कोण?

— गहिनीनाथ. असेल. तिकडं दर चौथ्या घरात एक गहिनीनाथ आहे आणि त्याच्या शेजारी एक कानिफनाथ. नावावरून काय ठरतं?

— अशी मान हलवू नका. आणि 'रतन' म्हणू नका. इथं मला ताई म्हणतात, कोर्टात रतनबाई म्हणतात. हो, ओळखते की. मी कुठं म्हणाले ओळखत नाही? जन्मल्यापासून ओळखते, तुमचंच नाक आहे माझ्या तोंडावर, आरशात रोज बघते. तुम्ही माझे वडील आहात आणि चांगुणा माझी पाठची बहीण आहे, हे मला ठाऊक आहे, तुम्हाला ठाऊक आहे. इकडं तिसऱ्या कुणाला ठाऊक नाही — या संस्थेत नाही, कोर्टात नाही, चांगुणेला तर नाहीच. ती जन्मली तेव्हा मी घरात नव्हते. तिच्या लेखी मी सगळ्यांची ताई तशी तिची ताई. जिला सगळं ठाऊक होतं ती आई, ती गेली. — जरा हळू खोका हो. तो खोकला तिला लगेच कळेल. बिडी अजून सुटली नाही वाटतं. मेल्यावर तरी सोडायची.

तुम्हीच मरायचं ठरवलंत ना? मी नाही ठरवलं. आठवतं, का मी आठवण करून देऊ? पाऊस नव्हता, विहिरींचे तळ दिसत होते, आणि आमच्या या फाटकाशी रोज बाया यायच्या — कडेवर एक, हाताला एक. अधीक्षिकाबाई एकच विचारायच्या, बाप आहे का? आहे म्हटलं की माघारी. सरकारचं म्हणणं असं, की हातीपायी धड बाप असेल तर त्यानं दुष्काळी कामावर खडी फोडावी आणि पोरं पोसावीत. बाप नसेल तर मग सरकार बाप. हे कुठूनतरी तुमच्या कानावर आलं. आणि एका दुपारी आई आली. मी फाटकाशीच होते. बघते तर कपाळावर कुंकू नाही. आता तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते — मला रडू आलं नाही. पहिलं मनात आलं ते, सुटलो. सुटलो आपण तिघी. मग मी नीट बघितलं. जिथं कुंकू असायचं तिथली कातडी पांढरी, गोल, इतक्या वर्षांत ऊन न लागलेली. मनगटावर काचेचे ओरखडे, रक्त अजून ओलं. म्हणजे बांगड्या आत्ता फुटल्यात, इथंच, रस्त्याच्या कडेच्या दगडावर. मी मान वर केली, तर रस्त्यापलीकडं त्या लिंबाखाली मयत बसलेला. बिडी ओढत.

'गप ऱ्हा, रतने. पाऊस पडला का नेतो माघारी' — एवढंच म्हणाली आई. अधीक्षिकाबाईंनी तिच्या हातावरचं रक्त बघितलं आणि पुढं काही विचारलंच नाही. रक्ताला पुरावा लागत नाही. त्या म्हणाल्या, रतन, ओळखीची आहे का ही बाई? मी म्हटलं, आहे. नवरा वारलाय का? मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही तोंड फिरवलंत. मी म्हटलं, हो, वारलाय. पुढं कोर्टात शपथ घेऊन पण तेच म्हणाले. इतकं सोपं असतं बघा माणूस मारणं, नुसतं तोंड फिरवायचं.

आता पाऊस पडला. बाजरी झाली, शेंगा झाल्या — त्या फडक्यात शेंगाच आहेत ना, ओल्या मातीचा वास येतोय. तर पाऊस पडला आणि तुम्ही जिवंत झालात. आणि कधी झालात? दसरा झाल्यावर. गाड्या जकात नाक्यापाशी थांबल्यात म्हणालात, मुकादम दुपार टळली की हाकणार म्हणालात. म्हणजे कोपरगावकडं निघालात, कारखान्याला, तोडीला. मग मला एक सांगा. आई चैत्रात गेली. आणि कोयता जोडीचा असतो — एकानं ऊस तोडायचा, दुसऱ्यानं पाचट काढून मोळी बांधायची. एकट्या माणसाला मुकादम विचारत नाही, अर्धा कोयता म्हणतो त्याला. मग यंदा तुमचा दुसरा अर्धा कोण? — नाही, मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. कोण?

— 'नुसती भाकरी थापील, बैलांना पानी दावील, बाकी काय न्हाई.'

बघा, शब्दसुद्धा तेच. तेरा वर्षांत एक शब्द झिजला नाही. साठ सालच्या दसऱ्याला पण हेच म्हणाला होतात. आईचे दिवस भरत आलेले, तिच्यानं तोड होणार नव्हती. गाडी दारात जुंपलेली, मी गाडीत बसलेली, आणि मास्तर पळत आले — गहिनीनाथ, पोरगी चौथीत पहिली आहे, तिला नको नेऊस. तुम्ही काय म्हणालात? 'मंग मास्तर, तुमीच चला मोळ्या बांधायला.' सगळी गल्ली हसली. मास्तर पण हसले. मी पण हसले की. आपला बाप मास्तरांपुढं काहीतरी फक्कड बोलला, केवढं वाटलं मला. हसत हसत गाव सुटलं.

— इकडं बघा. शेंगांकडं नका बघू, इकडं, माझ्या हाताकडं बघा. बघा म्हटलं ना. तेरा वर्षांत तुम्ही या हाताकडं एकदा नीट बघितलेलं नाही, आल्यापासून बघतेय, तुमची नजर कोपरापर्यंत येते आणि परत फिरते. ही करंगळी नाही, ही तिच्या शेजारची नाही. फडात धुकं होतं. मी ऊस धरत होते, तुम्ही बुडखा हाणत होतात, लय लागली होती हाताला. कोयता तुमचा होता. माझा नव्हता. हे पण आपल्या दोघांनाच ठाऊक आहे, कारण नगरच्या दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं तेव्हा मी काय म्हणाले? माझ्याच हातून लागलं. का म्हणाले? कारखान्याच्या ट्रकमध्ये माझ्या हाताला धोतर गुंडाळता गुंडाळता तुम्हीच म्हणत होतात — पोलीस यील, रतने, तुज्या बापाला धरून नील, मंग आपलं कसं व्हायचं? मग मी म्हटलं तसं. आणि खरं सांगते, बापाला आपण वाचवतोय म्हणून दुखणं जरा कमी झाल्यासारखं वाटलं. मूर्ख असतात पोरं. मग तुम्ही उठलात, पाणी आणतो म्हणालात, तांब्या घेऊन बाहेर गेलात. ट्रक माघारी निघाला होता, फडात तोड थांबली होती, ते मला नंतर कळलं. पाणी आणायला गेलेला माणूस शिमग्यापर्यंत आला नाही. शिमग्याला तोड संपली, तरी आला नाही.

झुंबरबाई म्हणून नर्स होत्या तिथं. त्यांनी मला मुलींच्या बोर्डिंगात घातलं. ते तुम्ही विचारलं नाहीत म्हणून मी सांगितलं नाही. तिथं आम्हाला नागरिकशास्त्राच्या तासाला घटना होती. मी तर घटनेच्याच सालची. तुम्हीच सांगायचात ना, शाळेवर झेंडा लागला त्याच आठवड्यात रतन झाली, पाटलानं साखर वाटली ती झेंड्याची का पोरीची ते कळलं नाही म्हणून? तर त्या घटनेत लिहिलंय, की ती सुरू झाल्यापासून दहा वर्षांच्या आत सरकार चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न करील. दहा वर्षं. मी बोटांवर मोजलं, दोन बोटं शेजारणीची उसनी घेतली. दहा वर्षं कधी भरली? साठ साली. सरकारची मुदत भरली त्याच साली तुम्ही मला गाडीत घातलंत. सरकारनं प्रयत्न केला असेल, नाही असं नाही, मास्तर पळत आले होते की गाडीमागं. — आणि दुसरं एक कलम आहे, चोविसावं. चौदा वर्षांखालचं मूल कारखान्यात कामाला लावायचं नाही. मी हात वर केला, हाच हात, आणि बाईंना विचारलं, साखर कारखान्यात पण नाही? त्या म्हणाल्या, नाही. मग उसाच्या फडात? बाईंनी पुस्तक मिटलं. म्हणाल्या, फड म्हणजे कारखाना नव्हे, बाळ. म्हणजे बघा, उसाची मोळी फाटकातून आत गेली की तिला घटना लागू. ती बांधणारी पोरगी फाटकाबाहेर, तिला नाही. मुलांची जेवढी कलमं आहेत तेवढी मी सगळी शोधली. त्यांत बाप हा शब्द कुठंच नाही. सरकारनं काय करावं ते आहे, प्रयत्न करावा म्हणून आहे. बापानं काय करावं, एक अक्षर नाही. लिहिणाऱ्यांना वाटलं असेल, त्याला काय सांगायचं, बाप आहे तो.

आणि बाप आहे म्हणजे काय, ते चौसष्ट साली कळलं. चौदा पुरी होते न होते तो तुम्ही बोर्डिंगच्या दारात उभे. घटना वाचून आल्यासारखे. एवढी वर्षं फिरकला नव्हतात, आणि डोक्याला नवं मुंडासं. मुख्याध्यापिकांनी विचारलं, आपण कोण? तुम्ही म्हणालात, 'बाप हाय.' दोन शब्द. कुणी पुरावा मागितला नाही, कुणी मला विचारलं नाही — तुला जायचंय का गं? मी मुख्याध्यापिकांचा पदर धरला होता. त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली, आणि फार काही सोडवायची नव्हती. म्हणाल्या, वडील आहेत ते तुझे, आम्ही कोण? सरकार त्या दिवशी म्हणालं, आम्ही कोण. — आठ दिवसांत हळद. मच्छिंद्र त्याचं नाव. त्याला पण अर्धा कोयताच पाहिजे होता, हंगामापुरती बायको. पण दोन बोटं नसली की मोळी ढिली बसते. एक हंगाम बघितलं त्याच्या आईनं आणि माघारी धाडलं. ज्या बोटांपायी शाळा सुटली त्याच बोटांपायी नवरा सुटला, कुठं ना कुठं कामाला आली बिचारी. मी तुमच्या घरी आले नाही. झुंबरबाईंकडं गेले, मॅट्रिक झाले, इथं लागले. एवढं सगळं मी केलं तेव्हा तुम्ही जिवंत होतात बरं का.

— आईचं? आईचं मला छबूबाईनं सांगितलं. तुमची शेजारीण, ती पण खडीवरच होती. नगरला आली होती, मुद्दाम फाटकाशी येऊन सांगून गेली. तुम्ही काही कळवलं नाही. ती म्हणाली, त्या दिवशी लिंबाखाली तुम्ही कुंकवाची डबी पुढं केलीत, तर आईनं हात मागं घेतला. पुसलं ते पुसलं म्हणाली, पोरगी माघारी आली का लावीन. मग गावात बाया बोलायला लागल्या, नवरा धडधाकट आणि ही भुंडं कपाळ घेऊन हिंडती, नवऱ्यावर उठली काय. खडीवर नवीन कारकुनानं विचारलं, विधवा का? ती नुसती घण मारत राहिली. आणि चैत्राच्या उन्हात तिथंच खडीच्या ढिगावर कलली. मग तुम्ही काय केलंत? सवाष्ण म्हणून वाटेला लावलंत. हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, कपाळभर कुंकू. जिवंतपणी पुसायला लावलंत आणि मेल्यावर हातानं भरलंत. तिला विचारलं असतंत तर ती पण म्हणाली असती, हा कोण माणूस? — रडताय? रडा. इथं रडायला बंदी नाही, फक्त आवाज नको.

चांगुणा चांगली आहे. शाळेत उशिरा बसली म्हणून अजून तिसरीत आहे, पण वाचते फार, भिंतीवर चिकटवलेले जुने पेपरसुद्धा वाचते. दोन वेळा जेवते. सुरुवातीला फाटकाशीच बसायची, तिथून लिंब दिसतो. संध्याकाळी आत चल म्हटलं की विचारायची, ताई, पाऊस पडला का? रोज. ताई, पाऊस पडला का? बाकीच्या मुली नक्कल करायच्या तिची. मग आई गेल्याचं कळलं, आणि मी तिला जवळ घेऊन सांगितलं. दोघं गेले म्हणून सांगितलं. — हो, दोघं. असं काय बघता? कोर्टात तुम्ही मेलेले, पोरीपुढं जिवंत, असं मी किती दिवस चालवायचं? एकदाच रडली, मनसोक्त, दोघांचं मिळून. तेव्हापासून पावसाचं विचारत नाही. यंदा पडला तेव्हा सगळ्या मुली अंगणात गेल्या, ही एकटी आत वाळत घातलेल्या चटया गोळा करत होती. म्हणून म्हणते हळू खोका. तिला आता या जगात एकच माणूस खरं वाटतं, ती मी. तुम्ही मधेच जिवंत झालात तर तेही राहायचं नाही तिला. मग इथं काय राहील? चटया.

— काय म्हणालात? मीच सांगावं? मीच कोर्टाला सांगावं, की हा गहिनीनाथ जिवंत आहे, आणि हा तिचा बाप, आणि मी त्याची थोरली? बरं सुचलं. दहा वर्षांची होते तेव्हा तुमच्यासाठी खोटं बोलले, माझ्या हातून लागलं म्हणून. गेल्या साली बोलले, बाप मेला म्हणून. दोन्ही खेपेला मी आत आणि तुम्ही बाहेर. आता तिसऱ्या खेपेला म्हणता, रतने, खरं बोल. खरं बोलायची सवय लावायची राहिलीच तुमची मला, आबा.

— हं. निघून गेलं तोंडातून. त्यात एवढं काय मान वर करायची.

बरं, चला. बोलते खरं. पण मग सगळं बोलायचं, अर्ध्या कोयत्यासारखं अर्धं नाही. दिवाळीनंतर मुलांचं कोर्ट बसेल. तिथं तुम्ही यायचं, मॅजिस्ट्रेटपुढं उभं राहायचं आणि आपल्या तोंडानं सांगायचं, की मी जिवंत असताना माझ्या बायकोला कुंकू पुसायला लावलं. ते झालं की सांगायचं, थोरल्या पोरीची बोटं माझ्या कोयत्यानं तुटली आणि पाणी आणतो म्हणून मी तिला टाकून गेलो. सगळ्यांपुढं. फसवलं म्हणून तुम्हाला आत घालतील, घालू देत. माझी पण नोकरी जाईल, जाऊ दे. आणि तोवर तुम्ही नगर सोडायचं नाही. गाड्या जाऊ द्यायच्या. हंगाम जाऊ द्यायचा. मुकादम पुन्हा दारात उभं करणार नाही ते चालवून घ्यायचं. ही माझी अट. आता उठा. नाक्यावर बैल जुंपले असतील, मुकादम शिव्या घालत असेल. मला ठाऊक आहे तुम्ही काय करणार, मी पुढचं तोंडपाठ म्हणून दाखवते, तुम्ही म्हणणार, रतने, गाड्यांचा खोळंबा —

— काय?

— परत म्हणा.

— 'जाऊ दे गाड्या.'

थांबा. थांबा जरा. तुम्हाला कळतंय का काय बोलताय ते? वर्षाची भाकरी आहे ती. आणि राहणार कुठं दिवाळीपर्यंत? … लिंबाखाली. बरं. आणि सांगणार सगळं? कुंकवाचं? … आणि बोटांचं पण? … आत घातलं तरी?

म्हणजे तुमच्यानं सुटत होत्या. गाड्या सुटत होत्या की. मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आलेय की सुटत नाहीत म्हणून. बाप वाईट नाही, गाड्याच तशा, मुकादम तसा, पोट तसं, दुष्काळ तसा, सरकार तसं — घटना पालथी घातली मी, कुणावर तरी घालायचं होतं ना. आणि हिच्यासाठी तुम्ही एका दमात, शेंग सोलावी तसं, 'जाऊ दे गाड्या.' मग माझ्यासाठी तुमच्यानं एक ट्रक नाही सोडवला? एक ट्रक, आबा. मी दाराकडं तोंड करून पडले होते. वॉर्डात कुणी तांब्या घेऊन आलं की उठून बसायचे. किती जण तांब्या घेऊन येतात दवाखान्यात, ठाऊक आहे? सगळे.

नाही. काही नाही. बसून राहा, उठू नका, मला हात लावू नका. माझ्या हाताला तर अजिबात लावू नका, आता बघून काय करायचंय. मी जे म्हणाले ते मागं घेते. सरकार आहे मी, सरकारला मागं घेता येतं. दिवाळीनंतर नाही आणि कधीच नाही. मॅजिस्ट्रेट नाही, काही नाही. मला नकोय तुम्ही खरं बोललेलं. आता बोलणार, हिच्यासाठी बोलणार, आणि सगळे म्हणणार, बघा, कसा का असेना बाप तो बाप. आणि तुम्ही तिला हाताला धरून या फाटकातून बाहेर जाणार, आणि मी आत. पुन्हा मी आत. नाही. तुम्ही मेलात ते बरं केलंत. चांगुणेचं काय म्हणाल तर तिचं मी बघीन, कायदा तिच्या बाजूचा आहे, कोर्ट तिच्या बाजूचं आहे, ती शिकेल, तिची सगळी बोटं — 

— खोकू नका म्हटलं ना मी. दाबा. पदर देऊ? फडकं दाबा तोंडावर —

— चांगुणे, का उठलीस गं? पड जा. … कोण? … कोण आबा? स्वप्न पडलं असेल तुला. दारात उभी राहू नकोस, ये, इकडं ये माझ्याजवळ. हे होय? हे पाहुणे आहेत. गाडीवान आहेत, कोपरगावचा रस्ता विचारायला थांबलेत. … नाही गं. असतो एखाद्याचा खोकला सारखा. विचार की त्यांनाच, मी कशाला मधे? विचार, तुम्ही कोण म्हणून.

बोला, पाहुणे. पोरगी विचारतेय. दोनच शब्द आहेत, पूर्वी एका दारात आले होते की पटकन. … बोला. … ती माझ्याकडं बघतेय, तुम्ही तिच्याकडं बघा.

…

बघ. म्हटलं नव्हतं? रस्ताच विचारायला आलेत. घे, शेंगा आणल्यात त्यांनी, पुढं कर परकर. सगळ्या मुलींना वाट आणि मग धुवून खा, माती आहे. जा. जा म्हटलं ना, चांगुणे, मागं काय बघतेस?

नाक्यापासून सरळ जा, पाहुणे, राहुरीवरून. मनमाडचा रस्ता सोडू नका. आणि फाटक ओढून घ्या जाताना, लिंबाखालची गुरं आत शिरतात.